उस्मानचा वाटा

कपाळाला गंध लावलेला, डोक्याला पांढरा फेटा बांधलेला, साठीकडे झुकलेला एक मराठा गडी हातात उघडी सुरी घेऊन माळावरून धावतोय आणि धावता धावता तोंडानं "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर" म्हणतोय, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मोटारीत शिरून आतून दार लावून घेतलं होतं. म्हटलं, म्हातारा बिथरला. आता हा सुरी घेऊन परत येणार आणि आपण आहोत एकटे!

तर ते दाजीसाहेब. जंगलखात्यात रेंजर होते, पेन्शन घेऊन पंचवटीत राहायला आले होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तीस सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा नाशिक ते कळवण सर्व्हिस मोटार चालवायचो, स्वतःची. जुन्या नाशकात उस्मानभाई पिंजारी यांच्या घराच्या माडीवर मी आणि माझी बायको यमुना भाड्यानं राहायचो. हे उस्मानभाई, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, दाजीसाहेबांचे जिवलग. चाचांनीच एके दिवशी मला खाली बोलावून सांगितलं, "दाजीला कळवणकडं शिकारीला जायचंय. तू घेऊन जा. चांगला माणूस आहे, फक्त सवाल फार विचारतो."

सवाल! अहो, नाशकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी मला मोटार कशी थांबते, का थांबते, उतारावर थांबली नाही तर मी काय करीन आणि माझी बायको मला तेव्हा काय म्हणेल, इतकं सगळं विचारून घेतलं होतं. दिंडोरी मागं पडली तेव्हा माझं डोकं पिकलं होतं. मग एकदम म्हणाले, "डायव्हर, थांबव." रस्त्याकडेच्या बोरीच्या झुडपातून चार-पाच तित्तरं पळत निघाली होती. तित्तर उडायला आळशी, पळायला पक्का. दाजीसाहेब खाली उतरले, बंदूक खांद्याला लावली, तित्तरं उडाली, बार झाला, एक खाली आलं. आणि हा भरल्या अंगाचा माणूस धोतराचा काचा मारून, कमरेची सुरी उपसून, ते मघाचे शब्द म्हणत जो पळत सुटला, तो तित्तरापाशी पोचेपर्यंत थांबला नाही.

परत आले ते घामाघूम. तित्तराची मान कापलेली होती, रक्त खाली गळत होतं. मला आत दडून बसलेलं बघून म्हणाले, "काय रे, थंडी वाजली?"

मी धीर करून विचारलं, "दाजीसाहेब, पडलेलं तित्तर काय उठून पळणार होतं? एवढं कशाला धावायचं?"

"जीव जायच्या आत सुरी फिरली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर उस्मानला चालत नाही."

आणि मग त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेऊन मला समजावलं. दोन नळ्यांची बंदूक. उजव्या नळीत मोठी गोळी, डुकरासाठी. डाव्या नळीत बारीक छर्रे, पाखरांसाठी. "उजवी नळी रानाची," त्यांनी बोट ठेवून दाखवलं, "आणि डावी उस्मानची. ही मी दुसऱ्या कशावर उडवत नाही."

आता हे प्रकरण काय ते समजायला वाट्याची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडं शिकार झाली की वाटे पडतात. मारणाऱ्याला मान, पण वाटा सगळ्यांना. रान उठवायला आरडाओरडा करत हाका घालणाऱ्याला, पाण्याचा हंडा आणणाऱ्याला, मोटार हाकणाऱ्यालासुद्धा. मंडळीतला कोणी आजारी असेल, यायला जमलं नसेल, तरी त्याचा वाटा पळसाच्या पानात बांधून घरी पोचवायचा. ज्याचा वाटा निघाला नाही तो मंडळीतून गेला, असं धरतात. कळवणकडच्या शेतकऱ्यांना त्रास डुकरांचा, त्यामुळं शिकार डुकराची. आता सांगा, डुकराच्या शिकारीत उस्मान पिंजाऱ्याला वाटा कसला देणार? बोटसुद्धा लावणार नाही तो. म्हणून दाजीसाहेबांनी ही डावी नळी काढली. डुक्कर मिळो न मिळो, जाता-येता उस्मानसाठी दोन पाखरं घ्यायची. तित्तर, नाहीतर लावे. तोच उस्मानचा वाटा.

पिंजारी माणूस शिकारी मंडळीत शिरलाच कसा, हे तर मी किती वेळा ऐकलंय. दाजीसाहेब गोष्ट रंगवून सांगायचे आणि दर वेळी तिच्यातलं डुक्कर थोडं मोठं व्हायचं. ते तेव्हा नवे नोकरीला लागलेले, कळवणच्या पलीकडं कुठं तरी नेमणूक. उस्मान तरणाबांड, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव फिरायचा, गाद्या-रजया भरून द्यायचा. ओढ्याच्या काठी दोघांची गाठ पडली, विडी पेटली, आणि तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून जखमी डुक्कर बाहेर आलं. दाजीसाहेबांची बंदूक झाडाला टेकलेली. डुक्कर सरळ अंगावर. उस्माननं काय करावं? हातातल्या धनुकलीची ताणलेली तात ठोकळ्यानं ठोकली. टंग! रानात असला आवाज डुकरानं बापजन्मात ऐकला नव्हता. ते जागच्या जागी थबकलं. टंग, टंग, टंग! आणि डुक्कर जे वळलं ते ओढा ओलांडून गेलं.

"माझा जीव धनुकलीनं वाचवला याने," दाजीसाहेब म्हणायचे.

"जीव कसला," चाचा खोकत खोकत हसायचे, "मी घाबरून ठोकत होतो. हात थांबेना माझा."

तेव्हापासून चाचा मंडळीत. पुढं कित्येक वर्षं दोघं बरोबर जायचे. दाजीसाहेबांनी पाखरू पाडायचं, चाचांनी सुरी घेऊन धावायचं. मग चाचांचा गुडघा गेला. कापसाची भुस्कट छातीत बसून खोकला लागला. मी मोटार न्यायला लागलो तोवर त्यांचं रानात जाणं बंद झालं होतं. दाजीसाहेब एकटेच जायचे, पण वाटा चुकवायचे नाहीत. सुरी चाचांची होती ती मागून घेतली, आणि चाचा म्हणायचे ते शब्द ऐकून ऐकून पाठ झालेच होते, ते स्वतःच म्हणायला लागले.

माणूस मोठा मजेशीर. पंचवटीत भटा-पुजाऱ्यांच्या शेजारात खोली, म्हणून घरी अंडंसुद्धा आणायचे नाहीत. स्वतःचा डुकराचा वाटा गावातच कुणाला तरी देऊन टाकायचे आणि घरी येऊन पिठलं-भात खायचे. मग शिकार करता कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "बघायला." खरंच बघायचे. तित्तर साफ करताना त्याच्या गळ्यातली पिशवी उघडून आत काय आहे ते बोटानं चाचपायचे. "हा बघ, गडी उधई-वाळवी खाऊन आलाय. आणि ही कुळथी कुणाच्या शेतातली?" मग त्या कुळथीचं शेत सापडेपर्यंत त्यांना चैन नसे. मोटारीत शीळ घातलेली खपायची नाही. खिशात फुटाणे असायचे, पण ते दुसऱ्याला द्यायच्या आधी माणूस चावतो कसा ते बघायचे. आणि फेटा! फेट्याशिवाय त्यांचं डोकं कुणी पाहिलेलं नव्हतं. टक्कल आहे, खोक आहे, काय आहे, आमच्यात पैजा लागायच्या. एकदा वाऱ्यानं मोटारीचं छप्पर फडफडून उडायला आलं. हा माणूस छप्पर सोडून दोन्ही हातांनी फेटा धरून बसला होता. मी ओरडलो, "अहो, छप्पर धरा!" तर म्हणतात, "छप्पर तुझं आहे, फेटा माझा आहे."

तर पहिल्या दिवशी आम्ही परत आलो. चाचा ओट्यावर बसलेले होते. दाजीसाहेबांनी पानात गुंडाळलेली तित्तरं त्यांच्या मांडीवर ठेवली. "घे, तुझा वाटा. जीव होता तोवर सुरी फिरवली आहे."

चाचांनी दोन्ही हातांनी पान उचलून घेतलं. "जियो दाजी," म्हणाले. आणि दाजीसाहेबांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते तुम्ही बघायला हवं होतं.

ते गेले. मी मोटार पुसत होतो. चाचांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि तेच पान माझ्या हातात दिलं. "वर ने. यमुनाला सांग, आज तित्तर कर."

"आणि तुम्ही?"

"मला चालत नाही."

"अहो, एवढं धावले ते! शब्द म्हणाले, मी कानानं ऐकलं."

चाचा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "शब्द एकदम बरोबर म्हणतो. माझ्या जावयापेक्षा साफ म्हणतो. पण भाई, ते शब्द ज्याचे आहेत त्यानं म्हणून सुरी फिरवावी लागते. दाजी हिंदू. त्याच्या हातचं मला कसं चालेल?"

"मग सांगा की त्यांना!"

"पहिल्या खेपेला सांगणार होतो. त्याचं तोंड बघितलं आणि राहून गेलं. मग राहूनच गेलं." त्यांनी माझा हात धरला. "आणि तूही सांगायचं नाही. कसम आहे."

घ्या! म्हणजे तो माणूस रान तुडवत, धापा टाकत धावणार, हा माणूस जियो म्हणणार, आणि तित्तरं जिना चढून आमच्या घरी येणार. आमच्या आधी माडीवर राहणाऱ्यांनीही तीच खाल्ली होती म्हणे, जागा बदलली ती हळहळतच. मला हे सगळं विचित्र वाटायचं. यमुनाला काही वाटायचं नाही. ती नामपूरची. तिच्या हाताला अशी चव की तित्तराचा रस्सा आणि बाजरीची भाकरी ताटात आली की माझेही विचार बंद पडायचे. तिला एकच ताकीद दिली होती, दाजीसाहेबांसमोर तोंड उघडायचं नाही. हाताची सुगरण, पण तोंडाची तिखट.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीसाहेब पंचवटीहून नदी ओलांडून चालत यायचे आणि ओट्यावर बसता बसता ठरलेला प्रश्न विचारायचे, "काय रे उस्मान, छर्रा लागला का दाताला?"

चाचा गाल चोळत म्हणायचे, "लागला एक. तुझा नेम सुधार."

दोघं हसायचे. चाची पडद्याआडून चहा सरकवायची. माझ्या पोटात मात्र ते तित्तर फडफडायचं.

असं चाललं होतं. आणि मग एकसुळ्या नावाचं रानडुक्कर पुन्हा उतरलं. कळवणजवळच्या एका गावात त्यानं ऊस आणि मका नुसता आडवा करून टाकला होता. एकच सुळा, तोही वाकडा, आणि धिप्पाड. दाजीसाहेब त्याच्यामागं तीन-चार हिवाळे होते. झोपेतसुद्धा त्याच्याशी बोलत असतील. एवढं एक डुक्कर मारलं की बंदूक खुंटीला, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते. त्या गावचे पाटील हाक्याची तयारी करून आम्हांला घेऊन गेले.

मी दाजीसाहेबांच्या मागं झाडाजवळ बसलो होतो. हाका सुरू झाला. डबे, ढोल, आरोळ्या. हाक्याच्या पुढं आधी पाखरं निघतात, मग ससे, मग मोठं जनावर. जाळीत फांद्या मोडल्याचा आवाज आला. दाजीसाहेबांचा खांदा ताठ झाला. आणि नेमकी त्याच वेळी समोरून तित्तरं उठली.

डावी नळी उडाली.

अहो, मी बघतोय! जाळीतला आवाज एकदम थांबला, मग उलटा वळला, आणि एकसुळ्या हाकेकऱ्यांची रांग फोडून डोंगराकडं गेला. एक माणूस लोळवला त्यानं, नशीब म्हणून खरचटण्यावर निभावलं. आणि दाजीसाहेब? सुरी घेऊन धावत होते.

पाटील आले ते लालबुंद होऊन. "दाजीसाहेब, काय केलं हो हे? तित्तराला तर आमचा गुराखीबी गोफण मारतो. त्याच्यासाठी तुमाला कशाला बोलवायचं?"

दाजीसाहेब मान खाली घालून उभे. हातात ते एवढंसं पाखरू. "उस्मान आजारी आहे," म्हणाले. "आठ दिवस अन्न गेलं नाही त्याला. हकीम म्हणाला, तित्तराचा शोरबा द्या. हे पुन्हा उठलं नसतं तर?"

"पुढल्या खेपेला बंदूक घरीच ठिवा," पाटील म्हणाले आणि पाठ फिरवली. ज्या मंडळीत या माणसाचा शब्द चालायचा, त्या मंडळीत त्या दिवशी त्यांना कुणी पाणी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर दाजीसाहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. पान मांडीवर घेऊन बसले होते. आणि मला माहीत होतं की हे पान कुठं जाणार आहे. मनात आलं, मोटार थांबवावी आणि सांगून टाकावं. पण कसम घातलेली. दाजीसाहेब पान देऊन गेल्यावर चाचांना मी त्या दिवशी फाडफाड बोललो. त्यांनी अंथरुणावरूनच पान माझ्या हातात दिलं. शोरबा पाहिजे होता त्यांना. खरंच पाहिजे होता. चाचीनं तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला.

वर आलो, जेवायला बसलो. रागारागात चावत होतो. आणि कट्ट! छर्रा दाताखाली. पुढच्या दाताचा तुकडा ताटात पडला.

पुढच्या दिवशी दाजीसाहेब आले. चाचांना डुलकी लागली होती म्हणून ओट्यावरच थांबले. माझं तोंड बघून म्हणाले, "दाताला काय झालं रे?"

"भाकरीत खडा आला."

"कुठल्या बाजूनं आला? चावताना की तोडताना?" प्रश्न परत सुरू झाले होते, मला बरंही वाटलं. तेवढ्यात यमुना पाण्याची घागर घेऊन आली. दाजीसाहेबांनी काळजीनं, अगदी वडिलकीनं तिला सांगितलं, "सूनबाई, बाजरी नीट निवडत जा. नवऱ्याचा दात गेला बघ."

झालं! नामपूरच्या बाईला तिच्या बाजरीत खडा आहे म्हणायचं! तिनं घागर आदळली आणि आपल्या अहिराणीत कडाडली.

"मनी बाजरीमा खडा नही व्हता! तुमना छर्रा व्हता तो!"

आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. पदर तोंडाशी धरून ती जिना चढून गेली. मी खांबाला धरून उभा. दाजीसाहेबांनी एकदा माझ्या दाताकडं बघितलं, एकदा माडीकडं, एकदा चाचांच्या दाराकडं. उठले, फेटा सारखा केला आणि चालायला लागले.

त्यानंतर ते आले नाहीत. रोज सकाळी चाचा ओट्यावर येऊन बसायचे, गल्लीच्या तोंडाकडं डोळे लावून. मग तेही जमेना. अंथरुणावरून विचारायचे, "दाजी आला?" यमुना रडून रडून अर्धी झाली. खरं सांगायचं तर मलाही करमेना. एवढी वर्षं जपलेली गोष्ट आमच्या बाजरीपायी फुटली, आणि तीही चाचांचे दिवस भरत आलेले असताना! हकीम उघडच म्हणाला होता, आता दवा नाही, दुआ करा. चाचांनी मला सांगितलं, "त्याला म्हण, उस्मान माफी मागतो. एकदा तोंड दाखव."

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागं त्यांची खोली. गेलो तर दाजीसाहेब खाटेवर बसले होते. मी निरोप सांगितला. ते ऐकलं न ऐकलंसं करून म्हणाले, "मी शब्द चुकत होतो का रे?"

"नाही हो. चाचा म्हणतात, जावयापेक्षा साफ म्हणतो दाजी."

"सुरी चुकीची फिरवली?"

"नाही."

"मग?"

सांगितलं. म्हणणारा त्या धर्माचा लागतो, एवढंच. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. 

"जगातलं सगळं विचारत हिंडलो," म्हणाले, "तित्तराला कुळथी कुठली आवडते तेसुद्धा. आणि हे विचारलं नाही. माझ्या मनातच आलं नाही, की माझ्या हातचं त्याला चालणार नाही." मग एकदम माझ्यावर खेकसले. "म्हणजे इतकी वर्षं तो उपाशी! वाटा निघतच नव्हता त्याचा! जा, म्हणावं येतो. पण रिकाम्या हातानं येणार नाही."

मला वाटलं, झालं, आता हे कधी येणार आणि चाचा कधी भेटणार. पण दोनच दिवसांनी कळवणच्या स्टँडवर पाटील स्वतः माझ्या मोटारीशी आले. "दाजीसाहेबांना घेऊन या. राग गेला, डुक्कर नाय गेलं. उरलेला मका आडवा करतंय."

पुन्हा तोच ओढा, तीच जाळी. पाटील पुढं वळणावर बसले, दाजीसाहेब इकडं, मी त्यांच्या मागं. हाका सुरू झाला. तित्तरं पळत आली आणि त्यातलं एक आमच्या समोरच्या बोरीत शिरून दबून बसलं. दाजीसाहेबांनी बंदूक उचलली. म्हटलं, उडाली डावी नळी!

त्यांनी बंदूक हळूच झाडाला टेकवली. आणि डोक्यावरचा फेटा काढला.

काय होतं डोक्यावर? काहीही नव्हतं. चांगले दाट पांढरे केस होते. इतकी वर्षं आम्ही पैजा लावत होतो! त्यांनी फेटा उलगडला, वाकून वाकून पुढं गेले आणि सगळा त्या बोरीवर टाकला. मग छातीनंच झुडपावर पडले. काट्यांनी हात सोलून निघत होते, आत तित्तर फडफडत होतं, आणि हा माणूस चकार शब्द काढत नव्हता. उठले तेव्हा दोन्ही हातांत फेट्याचं गाठोडं होतं आणि गाठोड्यात पाखरू धडधडत होतं.

आणि तेव्हाच जाळी फुटली. एकसुळ्या बाहेर आला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, अगदी समोर. मी त्याचा वाकडा सुळा बघितला. दाजीसाहेबांनी बघितला. बंदूक झाडाला, हात दोन्ही गुंतलेले. मी पुटपुटलो, "दाजीसाहेब, सोडा ते, बंदूक!"

ते हललेसुद्धा नाहीत. गाठोडं छातीशी धरून, डुकराकडं टक लावून, नुसते बघत उभे होते. डुकरानं हुंगलं, आणि रमतगमत ओढ्याच्या वळणाकडं गेलं. थोड्या वेळानं तिकडं पाटलांचा बार झाला आणि लोकांनी आरोळी ठोकली.

पाटील हर्षानं वेडे झाले होते. "आज तुमी बार काढला नाय म्हणून सापडलं बगा! वाटा मोठा हाय तुमचा!"

"माझा कुणालाही द्या," दाजीसाहेब म्हणाले. "डायव्हर, मोटार काढ."

नाशिकपर्यंत ते गाठोडं मांडीवर. मध्येच फट करून आत बघायचे, पाखराला श्वास घेता येतोय का. मोटार दणकली की माझ्यावर ओरडायचे. पंचवटीतून, स्वतःच्या शेजारातून बोडक्यानं गेले. लोक थांबून बघत होते, यांना पत्ताच नव्हता.

चाचा उशीला टेकून बसवलेले होते. दाजीसाहेब आत गेले आणि गाठोडं त्यांच्या पुढ्यात धरलं.

"जिवंत आहे. घे. तुझं तू म्हण."

चाचांनी फेट्यावर हात ठेवला. आतलं पाखरू हललं. चाचांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचेना. "दाजी," म्हणाले, "मी तुला..."

"नंतर बोल. ते घाबरलंय."

दाजीसाहेबांनी कमरेची सुरी काढून चाचांच्या हातात दिली. मागच्या अंगणात चाचीनं त्यांना धरून नेलं, दाजीसाहेबांनी पाखराचे पंख आणि पाय धरले, आणि चाचांनी आपल्या तोंडानं, खोकला आवरत, ते शब्द म्हटले. दाजीसाहेबांचे ओठही हलत होते, पण आवाज काढला नाही त्यांनी. सवय होती, दुसरं काय.

मग ते बाहेर ओट्यावर येऊन बसले. घरी जा म्हटलं तर जाईनात. आतून फोडणीचा वास आला. ऊन उतरलं. आमच्या चुलीवर त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं. शिकारीच्या दिवशी जिना चढून काहीही वर आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. यमुना ताट घेऊन खाली आली आणि मान वर न करता दाजीसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"जेवा बाबा. खडा नही शे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उजेडात धरून नीट तपासला आणि यमुनेकडं बघून मिश्कील हसले. मग जेवले. पडद्याच्या आत चाचा जेवत होते, बाहेर हे. आतून वाटीत चमचा वाजायचा तेव्हा यांचा हात थांबायचा, कान तिकडं लागायचा.

चाचा त्या थंडीतच गेले. नंतर दाजीसाहेब कुठल्या तरी पुतण्याकडं राहायला गेले, मला पुन्हा भेटले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते त्या संध्याकाळचे. ताट बाजूला सारून, काट्यांनी फाटलेला, पाखरानं घाण केलेला तो फेटा झटकून डोक्याला गुंडाळतायत. फेट्याचं टोक खोचता खोचता पडद्याकडं तोंड करून त्यांनी आवाज दिला, "काय रे उस्मान, छर्रा लागला का दाताला?"

आतून खोकला आला, आणि खोकल्यातून हसू.

"छर्रा होताच कुठं दाजी?"